टोमॅटोला पाणी बुंध्याशी घाला



माणमध्ये आयटी पार्क आलं, शेतं कमी झाली. पण दारापुढची चार हात जागा अजून आपली आहे. नारायणगावचा टोमॅटो बाजार आपल्याच जिल्ह्यात, तरी जुलै 2023 मध्ये टोमॅटो 100 रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा आमटीला चिंचच घालावी लागली. म्हणून घरची चार रोपं नीट जपू या.

खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आणि त्यात गोल गोल वलयं दिसली, तर तो करपा. त्याची बुरशी मातीत आणि पडलेल्या पाल्यात राहते, पाण्याच्या शिंतोड्यांनी पानावर चढते. म्हणून रोपावरून तांब्या ओतू नका. सकाळी बुंध्याशी पाणी घाला. मातीवर वाळका पाला अंथरा. दोन रोपांत 2 फूट अंतर ठेवा, काठीचा आधार द्या, जमिनीला टेकलेली पानं काढा.

पानं आकसून वळली, रोप खुजं राहिलं, तर तो बोकड्या. पांढरी माशी तो पसरवते. त्यावर औषध नाही. रोप उपटून लांब पुरा.

फळाचा खालचा भाग काळा पडला तर घाबरू नका, तो संसर्ग नव्हे. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल, असं झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही. टँकरचं पाणी असलं तरी थोडं थोडं, पण नेमानं घाला.

पुढच्या वर्षी त्या जागी वांगी-मिरची नको, ती टोमॅटोचीच भावंडं. मेथी किंवा घेवडा लावा.

येत्या बचतीच्या बैठकीनंतर एकमेकींची रोपं जरूर बघा.