‘रजनी’ झालेली नटी

(एका निवृत्त मुख्याध्यापकांनी साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज पाटी बाजूला ठेवा. आज मी तुम्हाला एका नटीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट खरी आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, नटीचं काय सांगता? मालिका तर आम्ही रोज बघतो." बघता, हे खरे. आज घरोघर टीव्ही आहे. आपल्या जिल्ह्यात चितेगावला टीव्ही बनवण्याचा कारखाना होता, तोही तुमच्यातल्या कित्येकांना आठवत असेल. पण माझी गोष्ट त्याआधीची, १९८५ सालची आहे. तेव्हा टीव्ही गावात एखाद्याच घरी असे. घरोघरी दिसे ते एकच सरकारी दूरदर्शन. एका घरात टीव्ही लागला की सारी आळी तिथे गोळा होई.

त्या साली दूरदर्शनवर ‘रजनी’ नावाची हिंदी मालिका सुरू झाली. बासू चटर्जी हे तिचे दिग्दर्शक. रजनी ही साधी घरधनीण. तिच्याजवळ पैसा नाही, सत्ता नाही. पण अन्याय दिसला की ती गप्प बसत नसे. गॅसची टाकी देताना कोणी फसवले, ती जाब विचारी. शेजारचा नवरा बायकोला मारतो, ती मध्ये पडे. टॅक्सीवाल्यांवर एक भाग निघाला. तेव्हा खऱ्या टॅक्सीवाल्यांनी त्याचा निषेध केला. नाटकातले बोलणे असे खऱ्या माणसांना जाऊन लागले!

ही रजनी कोण झाली होती? तिचे नाव प्रिया तेंडुलकर. मोठे नाटककार विजय तेंडुलकर यांची ही मुलगी. तिचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. बापाचे नाव मोठे होते. तरी तिने नोकरी केली. मोठ्या पंचतारांकित हॉटेलात ती येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत करण्याचे काम करी. नाटकात लहान कामे केली. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ या १९७४ सालच्या चित्रपटात जमीनदाराच्या सुनेचे काम केले. मग मराठी चित्रपट केले. ‘मुंबईचा फौजदार’ तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल.

पण देशभर नाव झाले ते ‘रजनी’ने. लोक तिला प्रिया म्हणून ओळखेनात, रजनी म्हणूनच ओळखू लागले. नटीला ही मोठी शाबासकी आहे, आणि ओझेही आहे. रजनीला कोणी तरी संवाद लिहून देत असे. प्रियाला स्वतःचे आयुष्य मात्र स्वतःच काढायचे होते. मालिकेत तिचा नवरा झालेले करण राजदान यांच्याशी तिने लग्न केले. ते काही वर्षांनी मोडले. तरी ती काम करीत राहिली. १९९५ साली ‘हम पाँच’ ही विनोदी मालिका आली. तिच्यात भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी मेलेली बायको आठवते का? ती हीच प्रिया. नंतर लोकांना समोर बसवून समाजाच्या प्रश्नांवर बोलते करण्याचा कार्यक्रमही तिने केला. आणि तिने लिहिले. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘पंचतारांकित’ ही तिची पुस्तके आहेत. ‘पंचतारांकित’मध्ये तिने हॉटेलातले आपले अनुभव मांडले.

पुढे तिला कर्करोगाने गाठले. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. वय अवघे ४७.

आता माझ्या घरची गोष्ट ऐका. १९८५ साली मी नवाच मास्तर झालो होतो. शहरात एक खोली घेऊन आई आणि मी राहत होतो. घरमालकाकडे टीव्ही होता. आई अंगठा देणारी. पण हिंदी तिला कळे. आपल्या भागात ते कोणाला कळत नाही? ती ‘रजनी’ एकदाही चुकवीत नसे.

एके दिवशी ती रेशनची साखर आणायला गेली. घरी आली ती हसतच. म्हणाली, "आज म्या बी रजनीवाणी बोलले. म्हनलं, पावती द्या. दिली की निमूट!"

मी पावती वाचली. पावतीवर साखर ४ किलो लिहिली होती. पिशवीत होती २ किलो. मी आईला ते सांगितले. तिचे हसू मावळले. ती म्हणाली, "मंग तिथंच भांडले असते की रे. पर मला त्यात काय दिसतंय? निसत्या मुंग्या."

मी पिशवी घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बाईनं अंगठा दिलाय. आता काय बोलायचं?"

मंडळी, मला दुकानदारापेक्षा स्वतःची लाज वाटली. दिवसभर मी लोकांच्या पोरांना मुळाक्षरे शिकवीत होतो, आणि घरची आई तशीच ठेवली होती. त्या रात्री मी तिच्यापुढे पाटी ठेवली. महिनाभरात तिला फक्त आकडे जमले. पण पावतीला आधी आकडेच लागतात. पुढच्या वेळी तिने दुकानात उभे राहून पावती मोठ्याने वाचली. साखर पुरती मिळाली.

धीर नटीने दिला. पण पावती वाचणे हे तिला स्वतःच शिकावे लागले. एकट्या धीराने भागले नाही.

‘रजनी’नंतर पुढच्याच वर्षी, १९८६ साली, ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो काही एका मालिकेने झाला नाही. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांची माणसे त्यासाठी कित्येक वर्षे झटत होती. आता त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आहे. बियाणे खोटे निघाले, विकत घेतलेला पंप बिघडका निघाला, तर छत्रपती संभाजीनगरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माल पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही. वकीलही लावलाच पाहिजे असे नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. पण तिथे पहिला प्रश्न येईल, "पावती आहे का?"

म्हणून दुकानातून निघण्याआधी चार गोष्टी वाचा. मालाचे नाव, वजन, भाव आणि तारीख. वाचल्याशिवाय सही करू नका. आणि आता अंगठा तर मुळीच देऊ नका.

उद्या वर्गाला येताना घरातली एक पावती घेऊन या. कशाचीही चालेल. आपण तीच वाचू.