भांड्यात कोण कोण आहे?



रसायनशास्त्राच्या शिक्षकांपुढे बोलताना अध्यक्षाने शास्त्राची सद्यःस्थिती सांगून पुढची दिशा दाखवावी, असा रिवाज आहे. मी आज एका बंधापलीकडे जाणार नाही. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला अमाइड बंध. तापावर घेतो त्या पॅरासिटामॉलमध्ये तो आहे, पहिल्या रांगेतल्या दोन पैठण्यांच्या रेशमात आहे, आणि बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आपण सगळ्यांनी ज्याचे पांढरे स्फटिक गाळले, त्या अ‍ॅसिटॅनिलाइडमध्येही तोच.

फळ्यावर तो अर्ध्या मिनिटात होतो. अमाइनच्या नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी आम्लाच्या कार्बनवर जाते, एक बाण, दुसरा बाण, पाणी बाहेर. वीसेक वर्षे मी हेच बाण काढले. मग एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, आम्ल आणि अमाइन एकत्र आले की आधी क्षारच होणार ना? नायट्रोजनने प्रोटॉन घेतला म्हटल्यावर जोडी उरली कुठे?" मी घड्याळाकडे पाहिले. तास संपायला सात मिनिटे होती आणि ती मला फार वाटली.

पोरीचे बरोबर होते. नुसते मिसळले की क्षार होतो आणि तिथेच ठाण मांडतो. अमाइड हवे तर सहसा १६० ते १८० अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि नाजूक रेणू तेवढ्यात करपतात. म्हणून १९५५ मध्ये शीहान आणि हेस यांनी डीसीसी हे रसायन वापरले. ते पाणी ओढून घेते आणि बंध खोलीच्या तापमानालाच जुळतो. काम चोख, पण हिशेब मांडा. १८ ग्रॅम पाणी काढायला २०६ ग्रॅम डीसीसी खर्ची पडते आणि हातात २२४ ग्रॅम पांढरा चोथा येतो. ज्याने तो गाळला आहे त्याला ठाऊक आहे, गाळून झाल्यावरही तो पुढच्या तीन भांड्यांत भेटतो. २००७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पुढाकाराने औषधकंपन्यांनी हव्या असलेल्या स्वच्छ अभिक्रियांची यादी केली, तेव्हा कमी कचऱ्यात अमाइड करणे अगदी वरच होते, ते उगाच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी आणि मी ही अभिक्रिया गणिताने तपासायला संगणकापुढे बसलो. सगळ्यात लहान जोडी घेतली, फॉर्मिक आम्ल आणि अमोनिया. पहिलाच धक्का असा की क्षार होईना! प्रोटॉन आम्लाकडेच राहिला. कारण साधे होते. आम्ही दोन रेणू निर्वातात सोडले होते, आणि सुटे पडलेले धन-ऋण भार सावरायला भोवती कुणीच नव्हते. पाण्याचे रेणू घातले तसा प्रोटॉन पलीकडे गेला.

मग खिंड शोधायची. सह्याद्री चढलेल्यांना संक्रमण अवस्था वेगळी समजवावी लागत नाही. वाटेवरची ती सर्वांत उंच जागा, पण दोन्ही बाजूंच्या डोंगरांच्या मानाने सखल. गणितात तिची खूण म्हणजे एकच काल्पनिक कंप्रता. दोन निघाल्या तर तुम्ही भलत्याच शिखरावर आहात. आमची खिंड फारच उंच निघाली. नायट्रोजनवरचा प्रोटॉन ऑक्सिजनवर जायला चार अणूंच्या अवघडलेल्या कड्यातून वळत होता. आम्लाचा दुसरा रेणू शेजारी ठेवला. त्याने एका हाताने प्रोटॉन घेतला, दुसऱ्या हाताने दिला, कडे ऐसपैस झाले आणि खिंड खाली आली. फळ्यावरच्या माझ्या चित्रात हा दुसरा रेणू कधी नव्हताच. बाण काढणाऱ्याला कुणी हजेरी मागत नाही. संगणक मात्र पहिल्याच ओळीत विचारतो, भांड्यात कोण कोण आहे?

आणि ज्याचे नाव आपण दिले नाही, त्याच्याबद्दल तो अक्षर बोलत नाही. बोरॉनची गोष्ट त्यासाठीच सांगतो. कॅरमच्या बोर्डावर भुरभुरवतो ती पावडर म्हणजे बोरिक आम्ल. तेही अमाइड जुळवण्याचे उत्प्रेरक आहे. त्याचेच नातलग असलेले एक बोरॉनिक आम्ल १९९६ मध्ये यामामोतो यांच्या गटाने वापरून दाखवले. उकळत्या टोल्युइनमध्ये अभिक्रिया चालते आणि डीन-स्टार्क उपकरणाच्या बाजूच्या नळीत टोल्युइनखाली पाण्याचा एकेक थेंब बसत जातो. तो थेंब बघत बसणे हा माझा आवडता उद्योग आहे. कसे घडते याचे रूढ चित्र असे होते की एक बोरॉन आम्लाला धरतो आणि अमाइन त्यावर येते. २०१८ मध्ये व्हायटिंग, शेपर्ड, र्झेपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चित्रालाच हात घातला. त्यांना मिळालेल्या स्फटिकांत दोन बोरॉन पुलासारखे जोडलेले दिसले. त्या जोडीला धरून गणित केले तेव्हा वेगळी वाट उघडली. एका बोरॉनचे गणित एका बोरॉनपुरतेच बोलणार. दुसऱ्याचा पत्ता स्फटिकाने दिला.

गणिताच्या अचूकतेबद्दल भाबडे राहू नये. खिंडीच्या उंचीत जेमतेम १.४ किलोकॅलरीची चूक झाली, तर खोलीच्या तापमानाला वेगाचा अंदाज दहापट हुकतो. सर्वांत विश्वासू मानली जाणारी पद्धत घ्यावी, तर रेणू दुप्पट केला की वेळ १२८ पट. पुण्यात श्रीधर गद्रे यांच्या गटाने मोठा रेणू शिंप्यासारखा बेतून, तुकड्या-तुकड्यांनी सोडवून जोडण्याची पद्धत बसवली, ती याच अडचणीपोटी.

आता मी वर्गात पहिल्या बाणाआधी क्षार काढतो. माझी मुले उत्तरपत्रिकेतही काढतात आणि त्यापायी सलग दोन वर्षे त्यांचा एकेक गुण कापला गेला, "अनावश्यक पायरी" असा शेरा मारून. या सभागृहात परीक्षकही बसले आहेत. दुपारच्या सत्रात ठराव यायचे आहेत. त्यांत एक माझा लिहून घ्या. क्षाराची पायरी काढणाऱ्याचा गुण कापू नये. अनुमोदक मागच्या बाकावर बसली आहे, यंदापासून तीही शिकवते.