एक ग्रॅम मातीची साक्ष



नाक्यावर गाडी थांबते, माल पाहिला जातो, मगच पुढची वाट मोकळी होते. कनेरगाव नाक्याच्या श्रोत्यांना हे मी सांगावयास नको. प्रयोगशाळा हाही एक नाकाच आहे. फरक इतकाच की, तेथे सबंध गाडी जात नाही. मूठभर नमुना जातो.

हिशेबच पाहा. एक एकर जमिनीचा वरचा सहा इंची थर सुमारे 9 लाख किलो भरतो. त्यातून आपण अर्धा किलो माती पाठवितो, आणि सेंद्रिय कर्ब मोजताना तिच्यातली जेमतेम एक ग्रॅम वापरली जाते. 9 लाख किलोंच्या वतीने एक ग्रॅम साक्ष देणार! साक्षीदारच फितूर निघाला, तर न्यायाधीशाने काय करावे?

उकिरड्याजवळची माती उचलली, तर तिच्यात स्फुरद भरपूर दिसतो. अहवाल म्हणतो, खत नको. आणि शेत उपाशी राहते. म्हणून धुरा, झाडाची सावली, उकिरडा टाळावा. शेतातून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी सहा ते आठ इंच खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासावी. सगळी माती एकत्र कालवून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. काळी जमीन आणि मुरमाड जमीन यांचे नमुने वेगळे घ्यावेत. माती सावलीत वाळवावी. खताच्या रिकाम्या पोत्यात ती चुकूनही भरू नये.

पाण्याचेही तसेच. पंप सुरू होताच येते ते नळातले शिळे पाणी. दहा-पंधरा मिनिटे वाहू द्यावे, मग बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. पिण्याच्या पाण्यातले जंतू पाहावयाचे असतील, तर मात्र नियम उलटा! प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली विसळू नये, वर थोडी जागा ठेवावी आणि बर्फात घालून त्याच दिवशी पोचवावी. उशीर झाला की जंतूंची संख्या बदलते. कागदावरचा आकडा मात्र तितकाच ठाम दिसतो.

2015 साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिका चांगलीच, पण जन्मवेळ चुकीची सांगितली, तर ज्योतिषाला दोष देण्यात अर्थ नाही. विहिरीचे पाणी आपली लेकरे पितात. त्यांच्यासाठी तरी नमुना घेणाऱ्या हाताने घाई करू नये, एवढेच माझे मागणे आहे.