खोटा फोन, खरी गोळी



२८ डिसेंबर २०१७. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं विचिटा शहर. नाताळ होऊन तीनच दिवस झाले होते. संध्याकाळी घराबाहेर काहीतरी गडबड आहे असं वाटून २८ वर्षांच्या एका तरुणाने दार उघडलं. दोन मुलांचा बाप. बाहेर पोलिसांच्या गाड्यांचे दिवे आणि ‘हात वर कर’, ‘इकडे चालत ये’ असे वेगवेगळ्या बाजूंनी आलेले आवाज. दार उघडल्यानंतर जेमतेम दहा सेकंदांत रस्त्याच्या पलीकडून रायफलची एक गोळी आली आणि तो गेला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतं. त्याने काहीही केलेलं नव्हतं. पोलीस आपल्या दाराशी का आले, हेही त्याला कळलं नाही.

ते आले होते एका फोनवरून. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या व्हिडिओ गेममध्ये दोन तरुणांचं दीड डॉलरच्या पैजेवरून भांडण झालं. एक ओहायो राज्यातला, दुसरा विचिटातलाच. ओहायोच्या मुलाने लॉस एंजेलिसमधल्या एका तिसऱ्याला हाताशी धरलं. खोटे फोन करून लोकांच्या घरी सशस्त्र पोलीस पाठवणं हा त्याचा उद्योगच होता. याला तिकडे स्वॉटिंग म्हणतात. या इसमाने २०१५ मध्ये एका दूरचित्रवाणी केंद्रात बॉम्ब ठेवल्याची खोटी धमकी दिली होती आणि त्यासाठी तुरुंगही भोगला होता. विचिटाच्या तरुणाने त्याला डिवचलं, ‘कर काय करायचं ते’ म्हटलं, आणि पत्ता दिला तो आपलं कुटुंब पूर्वी जिथे भाड्याने राहत होतं त्या घराचा. तिथे आता दुसरंच कुटुंब राहत होतं. मेला तो त्या कुटुंबातला. यांपैकी कुणाशीही त्याची ओळख नव्हती.

तो फोन नीट पाहिला पाहिजे. अमेरिकेत ९११ हा आपत्कालीन क्रमांक लावला की फोन जवळच्या केंद्रात जातो. कॅलिफोर्नियात बसून कॅन्ससचं ९११ लागत नाही. म्हणून लॉस एंजेलिसच्या त्या इसमाने विचिटाच्या नगरपालिकेच्या कार्यालयात फोन केला आणि तिथल्या सुरक्षारक्षकाने तो ९११ कडे जोडून दिला. ‘मी वडिलांना गोळी घातली आहे, आई आणि भाऊ माझ्या ताब्यात आहेत, घरात पेट्रोल ओतलंय,’ असं तो सांगत राहिला. घर एकमजली आहे की दुमजली, असं विचारल्यावर म्हणाला, एकमजली. घर दुमजली होतं. गोळी सुटून गेल्यावरही हा फोनवर होताच.

वडिलांचा खून करून बसलेला माणूस ९११ सोडून नगरपालिकेला फोन का करेल? घराचे मजले का चुकवेल? हे प्रश्न आज बसून विचारणं सोपं आहे, असं कुणी म्हणेल. मला ते मान्य आहे. दहा मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो, समोर आई आणि भाऊ मरणाच्या दारात आहेत असं सांगितलं जातं. तेव्हा पोलिसांनी धावून जायलाच हवं होतं. त्या धावण्याला मी दोष देणार नाही.

पण समजा, फोनवरचा शब्द न् शब्द खरा होता. मग त्या दारातून बाहेर कोण येऊ शकलं असतं? खुनी आला असता, तसाच सुटका करून घेतलेला भाऊही आला असता. फोन खरा धरला तरी दारात दिसणारा पहिला माणूस ओलीस असण्याची शक्यता होतीच, आणि ती शक्यता पोलिसांना त्या फोननेच सांगितली होती. म्हणजे ‘आम्हाला फसवलं गेलं’ हा बचाव गोळीला पुरत नाही. त्या रस्त्यावर इतरही अधिकारी शस्त्रं रोखून उभे होते. माणूस सगळ्यांसमोर होता. गोळी एकानेच झाडली.

कायद्याने काय केलं? फोन करणाऱ्याने गुन्हे कबूल केले आणि मार्च २०१९ मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. ओहायोच्या मुलाला १५ महिने मिळाले. पत्ता देणाऱ्यावरही खटला भरला गेला. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यावर मात्र आरोप ठेवायला जिल्हा सरकारी वकील मार्क बेनेट यांनी एप्रिल २०१८ मध्ये नकार दिला. त्या क्षणी अधिकाऱ्याला जे ठाऊक होतं त्यावरूनच त्याला जोखलं पाहिजे, ही त्यांची भूमिका. दिवाणी दाव्यात २०२२ मध्ये अपील न्यायालयाने या अधिकाऱ्याला पदाचं कायदेशीर संरक्षण द्यायचं नाकारलं. पुढच्या वर्षी विचिटा शहराने कुटुंबाशी ५० लाख डॉलरवर तडजोड केली. पैसा शहराच्या तिजोरीतून गेला आणि ज्युरीसमोर त्या दहा सेकंदांचा निवाडा कधी झालाच नाही.

मित्रहो, जबाबदारी म्हणजे काही ताटातली भाकरी नव्हे, की एकाने मोठा तुकडा उचलला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी यावा. फोन करणारा पूर्ण दोषी आहे. सशस्त्र पोलीस भेदरलेल्या घरावर गेले की काय होऊ शकतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाहीतर त्याने दुसरा कुठलाही खोडसाळपणा निवडला असता. मात्र तो पूर्ण दोषी आहे म्हणून दुसरा कुणी निर्दोष ठरत नाही.

याच्या शेजारी टेनेसीतली घटना ठेवून पाहा. एप्रिल २०२०. एका ६० वर्षांच्या गृहस्थाकडे ट्विटरवर ‘टेनेसी’ हे नाव होतं. ते बळकावण्यासाठी एका टोळक्याने त्याच्या घरी खून झाल्याचा खोटा फोन करवला. पोलीस बंदुका रोखून आले, हा हात वर करून पुढे आला आणि हृदयविकाराच्या झटक्याने गेला. एकही गोळी सुटली नाही. टोळक्यातल्या एकाला २०२१ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. तिथे सगळा दोष फोनकडे जातो, हे मला पटतं. विचिटात तसं म्हणता येत नाही. मध्ये एका माणसाचं बोट होतं आणि ते बोट थांबू शकत होतं.

आपल्याकडेही आता ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, आणि खोट्या धमक्यांचे फोन आपल्याला नवे नाहीत. कायदा काय म्हणतो? १८६० च्या दंडसंहितेत, कलम १८२ मध्ये, एक उदाहरण होतं: कुणी खोटी खबर देतो की अमक्याने चोरटं मीठ लपवून ठेवलंय, आणि त्या माणसाच्या घराची झडती होऊन त्याला त्रास होतो. त्या कलमाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ मध्ये शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष आहे. मिठाच्या झडतीला ती पुरेल. खोट्या खबरीने माणूस मेला तर काय, याचं उत्तर त्या कलमात नाही. ते इतर कलमांत शोधावं लागेल, आणि मधला दुवा सिद्ध करताना सरकारी वकिलाची दमछाक होईल. ही तरतूद स्पष्ट शब्दांत यायला हवी.

तेवढ्याने मात्र भागणार नाही. अमेरिकेतच सिएटल पोलिसांनी २०१८ मध्ये एक साधी सोय केली. आपल्या पत्त्यावर असा खोटा फोन येईल अशी भीती ज्याला वाटते, त्याने आधी नोंद करून ठेवायची, म्हणजे फोन येताच निघणाऱ्या पथकाला ते कळतं. मदतीला निघणं त्यामुळे थांबत नाही. दारासमोर पोहोचल्यावर मनात एक शंका जागी राहते. ती शंका पोलिसांच्या प्रशिक्षणात, नियमांत आणि चौकशीत असायला हवी.

विचिटात फोन करणाऱ्याला २० वर्षं मिळाली, ती योग्यच होती. गोळी झाडणाऱ्यावरही फौजदारी खटला उभा राहायला हवा होता. तो राहिला नाही, हा अन्याय आहे.