मृत्युपत्र नसेल तर...
(मंडळाच्या सप्टेंबरमधल्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचं लिखित रूप)



"काहीतरी उपयोगाचं बोल," असं कार्यकारिणीने मला सांगितलं, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा कॉम्प्युटरबद्दल ऐकण्याची असावी. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनियरिंगचं आणि काम आयटी कन्सल्टंटचं, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण गेली काही वर्षं मित्रांचे मला जे फोन येतात ते कॉम्प्युटरसाठी नसतात. "तुमच्या गावच्या जमिनीचं शेवटी कसं केलंत रे?" यासाठी असतात. म्हणून आज हा विषय घेतला. मी वकील नाही. आमच्या घरची कागदपत्रं मात्र मी जमवली, तलाठी कार्यालयापासून दुय्यम निबंधकापर्यंत फिरलो, आणि त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी कायदा. घाबरू नका, तो सोपा भाग आहे.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हाच कायदा आहे. मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी यांचे नियम वेगळे आहेत आणि गोव्याचा कायदा तर आणखी निराळा. या कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. प्रत्येकाला सारखा एक हिस्सा. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल, तर तिच्या मुलाबाळांना तिचा हिस्सा. वडील या पहिल्या वर्गात नाहीत, हे ऐकून बरेच जण चमकतात.

इथे एक गैरसमज दूर करू. "मुलींना हक्क २००५ पासून मिळाला" असं सर्रास म्हटलं जातं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीत लग्नाची ती अट राहिली नाही. "वडील २००५ च्या आधी वारले, मग मुलीला हक्क कसा?" हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.

बाईच्या मालमत्तेचं गणित वेगळं आहे. तिच्यामागे मुलं आणि नवरा असतील तर त्यांना सारखे हिस्से. पण मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेलं सगळं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांकडे नाही. माहेरून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत जातं. सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या, माहेरी राहून नोकरी केलेल्या एका विधवेची पुंजी शेवटी सासरकडेच गेली, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे. इथल्या नोकरी करणाऱ्या बहिणींनी, भारतात तुमची ठेव किंवा फ्लॅट असेल तर, हे लक्षात ठेवा.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे सोपा कायदा अवघड कसा होतो ते कळेल.

आजोबा प्राथमिक शिक्षक. सातारा जिल्ह्यात त्यांनी स्वतःच्या पगारातून चार एकर शेत आणि गावात एक घर घेतलं. १९९८ मध्ये ते गेले. मृत्युपत्र नव्हतं. वारस सहा: आजी, तीन मुलगे, दोन मुली. तेव्हा सगळे एकत्र जेवत होते आणि सहा सह्यांत काम झालं असतं. पण "आत्ता कशाला? दिवस होऊ देत," म्हणत विषय राहिला. सातबारावर आजोबांचंच नाव.

२००४ मध्ये आजी गेली. २०११ मध्ये थोरले काका, २०१५ मध्ये मोठी आत्या, २०१६ मध्ये माझे बाबा. आता मोजा. थोरल्या काकांच्या जागी काकू आणि दोन मुलं. आत्याच्या जागी तिचे यजमान आणि तीन मुलं. बाबांच्या जागी आई, बहीण आणि मी. शिवाय धाकटे काका आणि धाकटी आत्या. सहाच्या बारा सह्या झाल्या. माझा हिस्सा एक पंधरांश, आतेभावंडांचा प्रत्येकी एक विसांश. चुलतबहीण दुबईत, मी इथे न्यू जर्सीत. जमीन तेवढीच, वाटेकरी दुप्पट, आणि निम्मे एकमेकांना नीट ओळखतही नाहीत.

भांडण हिश्श्यांच्या आकड्यावरून झालंच नाही. धाकटे काका गावात राहून शेत कसत होते. त्यांचं म्हणणं, "आईचं आजारपण मी काढलं, विहीर मी दुरुस्त केली. तेव्हा हिस्सेदार कुठे होते?" धाकट्या आत्याला एक दिवस टाइप केलेलं हक्कसोडपत्र सहीसाठी आलं. ती म्हणाली, "मला हिस्सा नकोच होता रे. पण कोणी विचारलंसुद्धा नाही." तिने सही केली नाही, आणि त्यानंतर दोन वर्षं भाऊबहीण बोलत नव्हते. दोघांचंही खरं होतं. काकांच्या कष्टाची नोंद कुठल्याच सातबारावर नव्हती, आणि आत्याच्या हक्काची नोंद कोणाच्या मनात नव्हती.

२०१८ च्या दिवाळीत सगळे एकत्र बसलो. मध्यस्थ म्हणून आईचे मामेभाऊ, निवृत्त मामलेदार. त्यांनी आधी हिस्से बाजूला ठेवले आणि आजीचं औषधपाणी, विहीर, शेतसारा असा काकांचा खर्च लिहून काढायला लावला. तो सगळ्यांनी मान्य केल्यावर काकांचा आवाजच बदलला. शेत काकांकडे राहिलं, घर विकून पैसे बाकीच्या चार शाखांनी घेतले. आत्याने तिचा पूर्ण वाटा घेतला आणि बँकेत ठेवला. काही जणांना ते आवडलं नाही. मला आवडलं.

अशा घरगुती तडजोडीला न्यायालयंही मान देतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ पासून हे स्पष्ट केलंय. एकमत झालं नाही तर वाटपाचा दिवाणी दावा. त्यात आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग प्रत्यक्ष वाटपाची वेगळी फेरी आणि शेतजमिनीची मोजणी-वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. मग अपिलं. दावा लावणारे आजोबा आणि निकाल ऐकणारा नातू, ही अतिशयोक्ती नाही.

आता कागदांबद्दल चार गोष्टी, कारण फसगत इथेच होते.

पहिली: सातबारावर वारसनोंद होणं म्हणजे मालकी ठरणं नव्हे. ती नोंद महसुलासाठी असते. पण नोंद नसेल तर पुढचं पाऊलच पडत नाही, म्हणून ती लगेच करा. हल्ली अर्ज ऑनलाइनही करता येतो.

दुसरी: नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सोसायटीच्या फ्लॅटला किंवा बँकेतल्या ठेवीला लावलेला नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालकी वारसांची. शेअर्सच्या बाबतीतही तसंच, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. "दादाला नॉमिनी केलंय, म्हणजे फ्लॅट दादाचा," यावरून किती घरं तुटली असतील!

तिसरी: बँक किंवा कंपनी न्यायालयाचा कागद मागते, तेव्हा ठेवी आणि शेअर्ससाठी १९२५ च्या कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. घर-जमिनीसाठी वारस दाखला, तोही चक्क १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली! माझ्या क्षेत्रात दहा वर्षांपूर्वीची सिस्टीम जुनी समजतात.

चौथी, खास आपल्यासाठी: हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं आणि एकदा नोंदलं की "मी भावनेच्या भरात केलं" म्हणून सहज परत येत नाही. स्वतः जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र करा. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, किंवा इथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल घ्या. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. आणि "सर्व अधिकार" न देता, कोणती मालमत्ता आणि कोणतं काम, एवढंच लिहा.

अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. पैसे एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर आणता येतात. आणि परदेशातल्या वारशातून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त मिळालं, तर इथे आयआरएसला फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. त्यावर कर नसला तरी न कळवल्याचा दंड जबर आहे.

आता थोडं कडू बोलतो. अशा बहुतेक प्रकरणांत परदेशातल्या भावंडाची सही शेवटी राहिलेली असते. आपल्याला पैशाची निकड नसते, सुट्टी दोन आठवड्यांची, आणि वाईटपणा नको म्हणून आपण "बघू" म्हणतो. आपलं "बघू" म्हणजे तिथे कोणाचं तरी अडलेलं घर असतं, अडलेलं कर्ज असतं. हिस्सा हवा असेल तर हवा म्हणा, त्यात लाज नाही. नको असेल तर कोणाला द्यायचा ते स्पष्ट लिहून कळवा, आणि गावातल्या बहिणीच्या सहीचा प्रश्न असेल तर तिला आपण स्वतः फोन करा.

आणि आपल्या स्वतःच्या घराचं काय? इथली मालमत्ता इथल्या राज्याच्या कायद्याने जाते. न्यू जर्सीत मृत्युपत्र नसेल आणि सगळी मुलं त्याच दोघांची असतील, तर सगळं जोडीदाराला मिळतं. मूल नसेल आणि आईवडील हयात असतील, तर त्यांचाही वाटा निघतो. भारतातला फ्लॅट मात्र भारतीय कायद्याने पत्नी, मुलं आणि आई यांच्यात वाटला जाईल. एकाच माणसाच्या मागे दोन देशांत दोन हिशेब. आणि दोघंही एकदम गेलो, तर लहान मुलं कोणाकडे राहतील हे न्यायाधीश ठरवतील. आपली इच्छा त्यांना कागदावरूनच कळू शकते.

भारतातलं मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार करू नका. भारतातल्या मालमत्तेचं वेगळं आणि इथलं वेगळं करणं सोयीचं, फक्त एकाने दुसरं रद्द होणार नाही अशी भाषा वकिलाकडून तपासून घ्या.

दिवाळीत सगळ्यांचे घरी फोन होतील. फराळाचं विचारून झालं की एवढंच विचारा: "सातबारावर आत्ता कोणाचं नाव आहे?" उत्तर आजोबांचं नाव असेल, तर सह्या मोजायला लागा.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.