एकटीनं ब्रेकची हवा काढायची तर काय विकत घ्यावं?



आजचा विषय हात काळे करणारा आहे. आपल्यापैकी काही गटांकडं आता मालाची गाडी आहे. कुणाचा छोटा हत्ती, कुणाची जुनी व्हॅन. पापड-मसाला, भाजी, दूध तीतून बाजाराला जातं आणि चालवणारीही गटातलीच असते. परवा एका बैठकीत प्रश्न आला की ब्रेकची हवा घरीच काढायची तर गटाच्या पैशातून कोणतं सामान घ्यावं, आणि ते एकटीला जमेल का. जमतं. पण सामान बघून घ्यायला हवं.

पेडल दाबल्यावर स्पंजासारखं लागतं, दोन-तीनदा मारल्यावर मग कुठं ब्रेक धरतो, तेव्हा बहुधा ब्रेकच्या पाइपात हवा शिरलेली असते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा सगळा जोर हवा चेपण्यात जातो, चाकापर्यंत पोचतच नाही. ही हवा आली कुठून, ते आधी बघा. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाची ओल दिसली तर गळती आहे, गाडी मेकॅनिककडंच न्या, तीही चालवत नाही, ओढून. गळती असताना हवा काढणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

नेहमीच्या पद्धतीत दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी निपल सैल करून पुन्हा आवळतो. घरात पेडल दाबायला बहुतेक वेळा पोरगं सापडतं. निपल बंद व्हायच्या आत त्यानं पाय उचलला की बाहेरची हवा पुन्हा आत! म्हणून घाईतल्या मदतनीसापेक्षा एकटीचं काम कधीकधी बरं होतं.

एकटीसाठी तीन-चार प्रकारचं सामान मिळतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि एक बाटली. नळीचं टोक बाटलीतल्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं, निपल सैल करायचं आणि तेल आपल्या वजनानं उतरू द्यायचं. वेळ लागतो, पण खर्च जवळपास नाही.

दुसरी, एकाच दिशेनं तेल जाऊ देणारी झडप असलेली नळी. निपल थोडं सैल ठेवून आपण आत जाऊन पेडल सावकाश दाबायचं. तेल बाहेर जातं, परत येत नाही. हिच्यात एक खोड आहे. निपल जास्त सैल केलं तर आट्यांतून हवा ओढली जाते, म्हणून पाव फेरीच सैल करा. जुन्या गाडीत पेडल तळाला टेकेपर्यंत दाबू नका, मास्टर सिलेंडरचं रबर खराब होऊ शकतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला की झालं.

तिसरा, हातानं ओढायचा व्हॅक्यूम पंप. काम भरभर होतं, पण इथंही आट्यांतून हवा येते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत. बाई घाबरून जाते की आत किती हवा आहे! चौथा प्रकार टाकीवर झाकण लावून दाबानं तेल ढकलणारा. तो चांगला, पण झाकण आपल्या गाडीच्या टाकीला बसलं पाहिजे आणि तो महागही असतो. एका गाडीसाठी मी तो घ्यायला सांगणार नाही. दोन-तीन गटांनी मिळून घेतला तर वेगळी गोष्ट.

माझं मत विचाराल तर आधी पैसे पान्यावर घाला. निपल मऊ आणि लहान असतं. तोंड उघडा पाना किंवा पकड लावली की कडा झिजतात, कधी निपलच तुटतं, मग हवा राहते बाजूला आणि सिलेंडर बदलायची वेळ येते. आपल्या निपलच्या मापाचा, षटकोनी तोंडाचा रिंग पाना घ्या. बहुतेक गाड्यांना ८, १० किंवा ११ नंबर लागतो, तरी दुकानात जाण्याआधी लावून बघा. आधी रिंग पाना चढवा, मग नळी, म्हणजे मध्येच नळी काढावी लागत नाही.

तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. उघडा डबा हवेतली ओल ओढतो. इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, रबर फुगतं आणि ब्रेक जातो. बाटलीत आलेलं तेल पुन्हा टाकीत ओतू नका. आणि हे तेल विषारी आहे, म्हणून ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तसंच ठेवू नका. मोठ्या अक्षरात लिहा, वर ठेवा.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच हात घालू नका, लोखंडी स्टँड पाहिजेच, विटा नकोत. साधारणपणे लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून मागचं डावं चाक आधी. पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा. मध्ये मध्ये टाकी बघत राहा, ती रिकामी झाली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. एबीएस असलेल्या गाडीत त्या यंत्रात हवा गेली असेल, तर काही गाड्यांना स्कॅनर लागतो. ते काम घरी होत नाही.

शेवटी निपलं आवळून, टोप्या लावून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली बसत असेल तर गाडी जागची हलवू नका. घट्ट राहिलं तर मोकळ्या मैदानात, रिकामी गाडी, सावकाश चालवून दोन-चारदा ब्रेक मारून बघा. मगच माल भरा.