एलियाहू हन्नाबीचा टापा



शिरूर-दौंडकडच्या माणसाला भक्ती जातपात विचारत नाही हे वेगळं सांगायला नको. घोडनदीला, म्हणजे शिरूरलाच, कर्नल विल्यम वॉलेस याचं थडगं आहे. हा इंग्रज लष्करी अधिकारी 1809 साली वारला. शिरूरकरांनी त्याला सत्पुरुष मानलं आणि त्याच्या थडग्यापुढे नैवेद्य ठेवला. आता असाच एक खडक पाहू.

अलिबाग तालुक्यात खंडाळे नावाचं गाव आहे. घाटातला खंडाळा नव्हे बरं का! तिथल्या खडकाला बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी, ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा. पुढे तेल गाळायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. एलियाहू पैगंबर इथे प्रकटला आणि इथूनच स्वर्गात गेला, अशी त्यांची श्रद्धा. खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या. जेजुरीला खंडोबाच्या घोड्याच्या टापेची खूण पाहणाऱ्याला यात नवल वाटू नये.

बायबलप्रमाणे तो अग्निरथातून गेला तो यार्देन नदीपलीकडून. पण भाविकाला नकाशा कशाला दाखवायचा? हाच एलियाहू कुराणात इल्यास आहे, आणि येशूच्या रूपांतराच्या प्रसंगी मोशेबरोबर दिसतो तोही हाच.

यरुशलेमचा प्रसिद्ध खडकही असाच यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान या तिन्ही धर्मांचा. यहुद्यांच्या मते जगाचा पाया तिथे घातला गेला. मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे तिथून मुहंमद पैगंबर मेराजला, म्हणजे स्वर्गारोहणाला, गेले. त्यांच्या पावलाची खूणही दाखवतात. खलिफा अब्द अल-मलिकने त्यावर घुमट उभारला, तो सातव्या शतकाच्या अखेरीस. 1099 मध्ये शहर जिंकल्यावर ख्रिस्ती क्रुसेडवाल्यांनी त्याचं चर्च केलं. यात्रेकरू खडकाचे कपचे काढून नेऊ लागले, तेव्हा त्यावर संगमरवर घालून भोवती जाळी बसवावी लागली. इतकी भक्ती झाली की दगडाचंच संरक्षण करायची पाळी येते! त्या खडकासाठी रक्त सांडलं. खंडाळ्याच्या टाप्यावरून कुणाची मारामारी झाल्याचं ऐकिवात नाही, आणि मला त्याचंच मोल अधिक वाटतं.

यहुदी पंचांगातल्या शबाट महिन्याच्या पौर्णिमेला टाप्यावर उरूस भरतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं यांचा मलिदा करतात, एलियाहूचं नाव घेतात, नवस फेडतात. मलिदा दर्ग्यातही चढतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिकडे हैफाला कार्मेल डोंगरात एलियाहूची गुहा आहे. यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, द्रूझ सगळेच तिला मानतात. बेने इस्राएल कुटुंबं आता तिथे मलिदा करतात, आणि सवड मिळाली की नवस फेडायला खंडाळ्यालाही येतात.